अण्णा आणि भय्या : परप्रांतीयद्वेषाची मराठी भाषा

मुंबईच्या मराठीत परक्या माणसासाठी गेल्या साठ वर्षांत जे दोन शब्द सर्वांत जास्त वापरले गेले, ते दोन्ही मुळात 'थोरला भाऊ' या अर्थाचे आहेत. 'अण्णा' कानडी, तमिळ, तेलुगू या तिन्ही भाषांत थोरल्या भावाला म्हणतात. आपल्याकडेही तो कानडीतून केव्हाच घरात आला आणि वडिलांपासून काकांपर्यंत कोणालाही चिकटला. 'भय्या' हिंदीतला. पण मुंबईत अण्णा म्हणजे उडप्याच्या हॉटेलातला माणूस आणि भय्या म्हणजे दूधवाला, टॅक्सीवाला, भाजीवाला. गल्ल्यावरच्या माणसाला "अण्णा, दोन कटिंग" असे सांगताना माझ्या तोंडात शिवी नसते, त्याच्या कानातही नसते. तोच शब्द सभेच्या व्यासपीठावरून अनेकवचनी येतो तेव्हा मात्र त्याचा अर्थ बदललेला असतो. एका नात्याच्या शब्दाचे असे कसे होते, हा या लेखाचा विषय आहे.

शिवसेनेच्या पहिल्या पर्वाविषयी विद्यापीठीय लेखन भरपूर झाले आहे. मायरन वायनर, मेरी कॅट्झेनस्टाइन, दीपंकर गुप्ता आणि पुढे थॉमस ब्लॉम हॅन्सन यांची पुस्तके अभ्यासकांच्या हातात आहेत. त्यांत नोकऱ्या, मतदान, वर्ग, शाखांची बांधणी यांचा विचार बारकाईने येतो. भाषा येते ती बहुधा पुरावा म्हणून, इंग्रजी भाषांतरात. ती मराठी म्हणून कशी चालते हे पाहायचे काम मराठी समीक्षेचे होते. आपण मात्र त्या भाषेला 'ठाकरी' असे विशेषण लावून मोकळे झालो. कोणी ते कौतुकाने लावले, कोणी नाक मुरडून, पण वाचन दोघांनीही टाळले.

बाळ ठाकरे 'फ्री प्रेस जर्नल' सोडून बाहेर पडले आणि १३ ऑगस्ट १९६० रोजी त्यांनी बंधू श्रीकांत ठाकरे यांच्यासह 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केले. प्रकाशन यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते. मुंबई मिळाली होती, आणि मिळालेल्या मुंबईत आपण नेमके कुठे आहोत हा प्रश्न मराठी मध्यमवर्गाला आणि त्याच्या खालच्या थराला पडू लागला होता. 'मुंबई तुमची, भांडी घासा आमची' ही टिंगल त्या काळची म्हणून सांगितली जाते. ती कोणी, कुठे केली याला महत्त्व नाही. ती मराठी माणसांनीच एकमेकांना पुनःपुन्हा सांगितली, याला आहे. तिच्यात जी बोच आहे ती खरी होती. गिरण्या, पेढ्या, कंपन्या यांची मालकी मराठी हातांत नव्हती, आणि कचेऱ्यांतल्या टंकलेखक-लघुलेखकाच्या जागांसाठी मद्रास इलाख्यातून आलेला, इंग्रजी शिकलेला तरुण स्पर्धेत होता. एकदा एक जण आत शिरला की त्याच्या ओळखीने दुसरा शिरतो, हेही खरे होते. हे नोकरीचे नेहमीचे गणित आहे. मराठी माणूस साहेब झाला तेव्हा त्यानेही ते वेगळे मांडले नाही.

'मार्मिक'मधली 'रविवारची जत्रा' व्यंगचित्रांसाठी वाचली जात होती, परंतु चळवळ उभी राहिली ती एका सदराने. त्याचे नाव 'वाचा आणि थंड बसा'. पुढे ते 'वाचा आणि उठा' असे झाले. सदरात असायच्या याद्या: अमुक कचेरीत, अमुक कंपनीत अधिकारपदांवर कोण कोण आहेत त्यांची नावे. ही नावे दूरध्वनीच्या निर्देशिकेतूनही काढली जात, असे सांगतात.

साहित्यप्रकार म्हणून यादीकडे आपण फारसे पाहत नाही, पण हा प्रकार फार बोलका आहे. यादीत क्रियापद नसते. विशेषण नसते. यादी करणारा कोणावर कसलाही आरोप करत नाही. तो फक्त नावे लिहितो, एकाखाली एक. उरलेले वाक्य वाचणारा मनात पूर्ण करतो, आणि जे वाक्य आपणच पूर्ण केले ते आपल्याला दुसऱ्याने सांगितलेल्या वाक्यापेक्षा जास्त खरे वाटते. दुसरे असे की, यादीतल्या नावांना चेहरे नसतात. हा मनुष्य मुंबईत कधी आला, त्याचा जन्म माटुंग्यातलाच आहे का, त्याची मुले मराठी बोलतात का, तो कामाला कसा आहे, यांपैकी काही यादीत मावत नाही. मावते ते आडनाव. मराठी माणसाला आडनावावरून जात आणि गाव ओळखायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. यादीने त्या सवयीला फक्त नवे काम दिले.

आडनाव मात्र पुरावा म्हणून कच्चे आहे. 'राव' तेलुगू, कानडी की मराठी? उडपी-मंगळूरकडचा कामत किंवा शेणॉय घरी कोकणी बोलतो. त्याच सुमारास, १६ जानेवारी १९६७ रोजी, गोव्यात जनमत कौल झाला; कोकणी ही मराठीचीच बोली आहे आणि म्हणून गोवा महाराष्ट्रात यावा, असे विलीनीकरणवादी हिरिरीने मांडत होते. म्हणजे मांडवीकाठचा कामत आपला आणि फोर्टातल्या कचेरीतला कामत मद्रासी, अशी ही विभागणी. 'मद्रासी' या शब्दाचेही तेच. चार मोठ्या भाषा, किती तरी जाती आणि जवळपास अर्धा द्वीपकल्प त्या एका शब्दात भरलेला. उडुपी १९५६ सालीच म्हैसूर राज्यात गेले होते, १९६९ साली मद्रास राज्याचेच नाव तमिळनाडू झाले. मुंबईच्या मराठीत मात्र मद्रासी तो मद्रासीच राहिला.

यादी काय मोजत नव्हती, हेही पाहिले पाहिजे. १९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत मराठी भाषक सुमारे ४३ टक्के होते, गुजराती भाषक सुमारे १९ टक्के, आणि दक्षिणेच्या चारही भाषा मिळून एक दशांशाहूनही कमी. शहरातले साठ टक्क्यांहून अधिक लोक शहराबाहेर जन्मलेले होते, आणि बाहेरून आलेल्यांत सर्वांत मोठा गट महाराष्ट्राच्याच जिल्ह्यांतला होता. त्यात रत्नागिरी पुढे. पण संख्येने आणि भांडवलाने मोठा असलेला गट सोडून रोख लहान गटावर वळला. गुजराती व्यापाऱ्यासाठी मुंबईच्या मराठीत 'शेठ' हा शब्द आहे, आणि तो आदराचा आहे. शेठ नोकरी देणारा, अण्णा नोकरीतला प्रतिस्पर्धी. राग वर जायला कचरतो आणि बाजूला वळतो, हे समाजशास्त्राने सांगितलेच आहे. त्या वळणाची खूण आपल्या संबोधनांत इतकी स्वच्छ उमटली आहे ही गोष्ट माझ्या मते अधिक लक्षणीय.

इथे आचार्य अत्रे आठवतात. मराठी जाहीर भाषेत शिवराळपणा ठाकऱ्यांनी आणला, हे म्हणणे चूक आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'मराठा'तून अत्र्यांनी मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांच्याविषयी जे लिहिले ते आज छापायला संपादक धजणार नाही. पण अत्र्यांची शिवी नाव घेऊन, सत्तेवरच्या एका माणसाला दिलेली असे. त्या माणसाकडे पोलीस होते, वृत्तपत्रे होती, उत्तर द्यायला विधिमंडळ होते. यादीतला हिशेबनीस उत्तर कुठे देणार? एकाला दिलेली शिवी भांडण असते. एका आडनावाला दिलेली शिवी त्या आडनावाच्या सगळ्यांच्या दारावर जाते. अत्र्यांची परंपरा पुढे चालवली असे म्हणताना हा फरक नेहमी गाळला जातो.

आता त्या सदराच्या शीर्षकाकडे पुन्हा या. 'थंड बसा' हे कोणाला उद्देशून आहे? मद्रासी माणसाला नव्हे. तो 'मार्मिक' वाचत नव्हता. तो टोमणा मराठी वाचकाला आहे: तू थंड आहेस, तुझ्याच्याने काही होणार नाही, वाच आणि बस. परक्याविषयीचे हे वक्तृत्व वरवर परक्याशी बोलते. खरे बोलते आपल्याच माणसाशी, त्याच्या पौरुषाला डिवचून. त्यामुळे मारणारा आपण मारतो आहोत असे समजत नाही. आपल्यावरचा डाग पुसतो आहोत, असे समजतो.

१९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली आणि ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर पहिला दसरा मेळावा भरला. यादीची जागा आता घोषणेने घेतली. 'हटाव लुंगी, बजाव पुंगी' ही तिच्यातली सर्वांत गाजलेली. तिचे आणखीही पाठ आहेत. मराठी अस्मितेची ही घोषणा मराठीत नाही, याकडे मी कोणाचे लक्ष गेलेले पाहिले नाही. मराठीत पुंगी वाजवतात. 'बजाव' हे मुंबईच्या बाजारी हिंदीतले रूप आहे, आणि 'हटाव' हेही हिंदी वळणाचेच. म्हणजे मराठीच्या नावाने उठलेली आरोळीसुद्धा परप्रांतीयांशी रोज बोलून झालेल्या बोलीत उठली. घोषणा करणाऱ्याला तिच्यात काही विसंगत वाटले नाही, कारण ती बोली त्याचीच होती. पुंगीला मराठीत गाजराच्या पुंगीमुळे थोडा थिल्लर वास आहे: वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. यमकासाठी आलेली ही पुंगी घोषणेला विनोदी करते, आणि विनोद हा या भाषेचा फार मोठा आधार आहे. ज्याला दुकानावर दगड पडल्याचे दुःख आहे त्याला "अहो, गंमत होती" असे सांगण्याची सोय ती आधीच करून ठेवते.

लुंगी ही व्यंगचित्रकाराची युक्ती. चित्रकार नाक मोठे करतो, मिशी मोठी करतो, आणि माणूस त्या एका रेषेत सापडतो. राजकीय नेत्याच्या बाबतीत हे योग्यच, कारण तो नेता आपल्याला इतर रीतींनीही ठाऊक असतो. ज्या शेजाऱ्याला आपण ओळखतच नाही, त्याच्या बाबतीत ती रेषाच संपूर्ण माणूस होऊन बसते.

'यंडूगुंडू' हा शब्द त्याहून जुन्या घराण्यातला. परक्याची भाषा म्हणजे अर्थहीन आवाज, ही कल्पना फार प्राचीन आहे. ग्रीकांनी परक्यांना जे नाव दिले ते त्यांच्या बडबडीच्या नकलेतून आले. आपला 'म्लेच्छ' शब्दही अस्पष्ट बोलण्याशीच बांधलेला. र चा ल करणाऱ्या असुरांचा पराभव झाला, अशी गोष्ट पतंजलीने व्याकरणाचे महत्त्व सांगताना महाभाष्यात दिली आहे. पण यंडूगुंडू म्हणणाऱ्या मराठी माणसाच्या स्वयंपाकघरातले तूप आणि पानाच्या डब्यातला अडकित्ता हे दोन्ही शब्द कानडीतून आलेले आहेत, आणि पंढरपूरच्या देवाला ज्ञानदेवांनी कानडाच म्हटले आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'मध्ये या नात्याचा शोध घेतला. वारकऱ्याला त्याने धक्का बसला नाही. धक्का बसला असेल तर तो पंढरपूरला न जाणाऱ्यांना.

'परप्रांतीय' हा शब्द त्यामानाने सभ्य दिसतो. वर्तमानपत्रेही तो बिनदिक्कत वापरतात. त्यात 'प्रांत' आहे, म्हणजे इंग्रजी अमदानीतला प्रांत. तो अर्थ प्रमाण धरून पाहा. १९४६ साली धारवाड आणि कारवार मुंबई प्रांतात होते. अमरावती मध्यप्रांत व वऱ्हाडात आणि औरंगाबाद निजामाच्या राज्यात. त्या साली मुंबईत नोकरीला आलेला धारवाडचा कानडी तरुण स्वप्रांतीय ठरतो आणि अमरावतीचा मराठी तरुण परप्रांतीय. चौदा वर्षांत दोघेही जागचे न हलता त्यांच्या जागा बदलल्या. हे राज्य पुनर्रचनेविरुद्ध बोलणे नव्हे. भाषावार राज्ये व्हायलाच हवी होती. मात्र जी सीमा आपल्या डोळ्यांदेखत आखली गेली, ती अनादि असल्यासारखी बोलण्यात येऊ लागली, एवढेच नोंदवायचे आहे.

'भूमिपुत्र' त्याहून अवघड. मुंबईच्या भूमीचा पुत्र म्हटले तर कोळी, आगरी, भंडारी, पाठारे प्रभू, ईस्ट इंडियन यांची नावे आधी येतील. कोळीवाड्यांचे काय झाले याच्या याद्या कोणी छापल्या नाहीत. चाकरमानी मात्र भूमिपुत्र झाला, जरी तो स्वतः शिमग्याला आणि गणपतीला 'गावाक' जातो. आणि 'उपरा'! व्यासपीठावर हा शब्द बाहेरून आलेल्यासाठी वापरला जात असतानाच, १९८० साली, लक्ष्मण माने यांचे त्याच नावाचे आत्मकथन आले. त्यातला उपरा महाराष्ट्रातला आहे, मराठी लिहिणारा आहे, आणि गावाने त्याला कधीही आपला म्हटलेले नाही. कैकाडी समाजाला वेशीबाहेर ठेवणारे कोणी मद्रासहून आले नव्हते. आपण त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्याचा आनंद केला आणि तोच शब्द दुसऱ्या अर्थाने वापरत राहिलो.

भाषणांचा काळ ठरवायचा असेल तर मी मजकुराऐवजी संबोधन पाहतो. साठ-सत्तरच्या दशकांत बोलणे मराठी माणसाशी होते. ऐंशीच्या दशकात 'माझ्या तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो' हे संबोधन रुळले, आणि त्या एका विशेषणाने काल ज्याची लुंगी ओढायची होती तो एकदम बांधव झाला. कोणी त्याची माफी मागितली नाही. गरजही पडली नाही, व्याकरणाने ते काम केले. परक्याची जागा मात्र रिकामी राहिली नाही. तिथे 'बांगलादेशी' आला. युतीच्या राजवटीत, १९९८ साली, बांगलादेशी ठरवून मुंबईहून आगगाडीने रवाना केलेल्या बंगाली भाषक मुसलमानांना पश्चिम बंगालमध्ये उलुबेरिया स्थानकात लोकांनी गाडी अडवून उतरवून घेतले. यंडूगुंडूच्या काळी भाषा ऐकू येत होती, निदान तिची नक्कल तरी होत होती. आता भाषा न ऐकताच देश ठरू लागला. मार्च २००६ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेना निघाल्यावर 'मराठी' हे विशेषण संबोधनात परतले, आणि त्यासोबत भय्या परतला. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वेच्या भरती परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली. रेल्वेभरतीच्या जाहिराती महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांत येत नाहीत, ही तक्रार त्यामागे होती आणि ती तपासण्याजोगी होती. जाहिरात देणारा अधिकारी मात्र परीक्षाकेंद्रावर नव्हता. तिथे होता तो जाहिरात वाचून आलेला मुलगा.

या सगळ्याने मराठी माणसाला नोकऱ्या मिळाल्या, हे उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते पूर्ण खोटे नाही. सत्तरच्या दशकापासून स्थानीय लोकाधिकार समित्यांनी बँका, विमा कंपन्या, हवाई कंपनी, मोठी हॉटेले यांच्याशी चिकाटीने झगडून भरती बदलायला लावली. त्यांचे काम मात्र वेगळ्याच भाषेत चाले. निवेदने, सेवायोजन कार्यालयाची पत्रे, रिक्त पदांचे तक्ते, टंकलेखनाचे वर्ग, परीक्षेची तयारी. या भाषेत यमक नाही, टाळी नाही, आणि तिच्यावर कोणी लेखही लिहिणार नाही. निवेदनामागे मोर्च्याची धमकी उभी होती म्हणून साहेबाने ते वाचले, असे म्हणता येईल. मी ते नाकारत नाही. पण धमकी देण्यासाठी शेजाऱ्याची बोली हास्यास्पद करावी लागते, हे त्यातून सिद्ध होत नाही. राज्य शासनाच्या धोरणात 'स्थानिक' कोण, याचे उत्तर महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य, असे दिले आहे. रूक्ष उत्तर आहे. पण त्यात माणसाला स्थानिक होता येते. आडनावाच्या यादीत तसे कधीच होता येत नाही.

शेवटी गिरणगाव. अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली. तिच्यातला नायक मुंबईत पोटासाठी आलेला, गाव मागे ठेवलेला माणूस आहे. महाराष्ट्राच्या मागणीचे ते गाणे एका स्थलांतरिताच्या तोंडी आहे, आणि लढणाऱ्यांपैकी कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. गिरण्यांच्या खात्यांत तेव्हा रत्नागिरी, सातारा आणि उत्तर प्रदेशचे कामगार शेजारी शेजारी उभे असत. त्या संघटनांना शिवसेनेने प्रथमपासून शत्रू मानले. १९६७ मध्ये ईशान्य मुंबईत कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध तिने काँग्रेसच्या स. गो. बर्वे यांना पाठिंबा दिला, तेव्हा मल्याळी आणि डावे ही दोन्ही लक्ष्ये तिला एकाच माणसात सापडली होती. पुढल्याच वर्षी मुंबई महापालिकेत तिचे ४२ नगरसेवक निवडून आले. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. मुंबईतल्या मराठी माणसाची एवढी नोकरी दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने गेली नसेल. जयंत पवार यांच्या 'अधांतर' नाटकातले धुरींचे घर त्यात उद्ध्वस्त होते, आणि त्या घराच्या पडझडीत अण्णाचा किंवा भय्याचा हात दाखवायला नाटककाराला जागाच सापडत नाही.

'घाटी' ही मराठी माणसाला मुंबईत बसणारी शिवी. ती आधी कोकणातल्या मराठी माणसाने घाटावरच्या मराठी माणसासाठी वापरली. इतरांनी नंतर उचलली. आणि दादरला पुलाखाली भाजी विकणारा जौनपूरचा माणूस मराठी गिऱ्हाइकाला हाक मारतो ती 'भाऊ' अशी. तो शब्द त्याने इथेच शिकलेला असतो. पलीकडून "ए भय्या, मेथी कशी दिली?" असे विचारले जाते, तो भाव सांगतो, आणि थोडी घासाघीस होऊन जुडी पिशवीत पडते.